रेडिओत टीव्ही लागतोय

९ जुलै, बुधवार. दुपारी

चातुर्मास बसला. आमच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, महाराजांच्या पुढं नियम घ्यायला रांग. खालच्या मजल्यावरची प्रभावती माझ्या पुढं हुती. तिनं चहा सोडला. बायका म्हणाल्या, बघा, एवढी चहाबाज बाई. डॉक्टरनं तिचा चहा मे महिन्यातच तोडलाय, ते मला ठावं आणि तिला ठावं.

माझा नंबर आला. महाराजांनी विचारलं, आजी, काय सोडणार? मी म्हणालो, टीव्ही. दिवाळीच्या पहाटे महावीरांस्नी निर्वाण लाडू चढंपतोर बघणार न्हाई. महाराज म्हणाले, झेपेल तेवढंच घ्यावं. मी म्हणालो, घेतलं. प्रभावतीचं तोंड बघण्यासारखं झालतं.

कुणाला सांगितलं न्हाई ते इथं लिहितो. आठ दिवसांमागं माझ्या लेकाला, बापूसोला, खताच्या कंपनीनं डीलर म्हणून एक डायरी आणि एक रेडिओ दिला. त्यानं दोन्ही माझ्याकडं टाकलं. रेडिओ नऊ बँडचा. मी तिसरी पास, इंग्लिश येत न्हाई, खरं रिमोटवरची टी आणि व्ही ही दोन अक्षरं रोजच्या बघण्यातली. तीच दोन रेडिओच्या काट्याच्या पट्टीवर छापल्यात. म्हणजे रेडिओत टीव्ही लागतोय. नियम बघण्याचा हाय, ऐकण्याचा न्हाई. साडेसातची मालिका मी आपल्या खोलीत कानानं पुरी करणार.

माझं जेवण दिवस मावळायच्या आत. ही लोकं नऊला जेवत्यात. मधी साडेसात ते नऊ सगळी हॉलमध्ये टीव्हीपुढं. दिवसातनं तेवढीच एक वेळ घर एका जागी. मला मालिकेचं काय न्हाई. मी बसतो म्हणून ही बसत्यात. आता मी चार दिवस हॉलमध्ये न्हाई म्हटल्यावर कळंल ह्यांस्नी.

९ जुलै. रात्री ८

टीव्हीच्या बँडवर खरखर. सेल जुने असतील.

१० जुलै

नवीन मोठे तीन सेल घातले. एरियल पुरती ओढली तर पंख्याला टेकली. खरखर, खरं आज जोरात. म्हणजे सुधारणा हाय.

आदिती, नात, पुण्याला नोकरीला असती. फोनवर म्हणाली, आजी, डायरी लिहितीयेस तर शुद्ध लिही, 'मी गेलो' नको, 'मी गेले' लिही. मी गेले म्हटलं की वारल्यागत वाटतंय. आमच्या इकडं बायका गेलो म्हणत्यात आणि परत येत्यात.

१२ जुलै

कारण सापडलं. हॉलमधला टीव्हीच बंद हाय. रुचिता, सून, म्हणाली, आत्ती, तुम्ही नियम घेतलासा आणि आम्ही पुढ्यात कसं लावायचं, बरं दिसत न्हाई. टीव्हीच चालू न्हाई तर रेडिओत येणार कुठनं.

तिला समजावून सांगितलं की माझ्यासाठी तुम्ही कशाला कष्टी हुताय, लावा की. रेडिओचं बोललो न्हाई. तिचं डोळं भरून आलं. म्हणाली, तुमचं मन मोठं हाय.

संध्याकाळी लावला. मी खोलीत काटा फिरवत बसलो. भिंतीपलीकडनं मालिकेचं म्युझिक ऐकू येत हुतं, रेडिओत खरखर. वीस मिनिटांनी रुचितानं आपसूक बंद केला. म्हणाली, आत्तींशिवाय बघायला मजा न्हाई. बघा, म्हटलंच हुतं. आता परत बोलवायला येतील.

१५ जुलै

आले न्हाईत. लाजत असतील.

१६ जुलै

ठरवलं. टीव्हीचा बँड जरा निवंल तवर बाकीचे शिकून घ्यायचे. रोज एक. आठ दिवसांत आठ बँड, मग ह्या बिल्डिंगीत माझ्यापुढं कोण बोलणार न्हाई. बापूसोनं वाचून दाखवलं, एक एमडब्ल्यू आणि बाकीचे सात एसडब्ल्यू का कायतरी. म्हणाला, त्या सातांवर परदेश लागतोय.

१७ जुलै

बँड पहिला. एक बाप्या बोलला. हिंदी न्हाई, कानडी न्हाई. कानडी मला येती, माझं माहेर सीमेवरचं. बहुतेक चीन. अर्धा तास बोलला, दम सुद्धा घेतला न्हाई. मग आवाज असा लांब गेला जसा कुणी विहिरीत उतरतंय. परत वर आला. परत उतरला.

१८ जुलै

बँड दुसरा. तोच बाप्या.

१९ जुलै

पाठ धरलीया. बँड तिसरा उद्या.

२७ जुलै

बस्तीत बायकांनी विचारलं, टीव्हीबिगर करमतंय का. मी म्हणालो, मला वेळच कुठं हाय, मी परदेशच्या बातम्या ऐकतो. प्रभावती म्हणाली, मग सांगा की काय चाललंय परदेशात. मी म्हणालो, चीनमध्ये बी भाजी महागलीया. एक-दोघींनी मान डोलावली. खोटं काय त्यात. महागली असंलच.

१ ऑगस्ट

एरियलला तांब्याची तार बांधली आणि ती गॅलरीतनं कपड्याच्या दोरीवर सोडली. पिराजी म्हणून जुना टीव्ही दुरुस्त करणारा हाय राजारामपुरीत, मागच्या गल्लीत. त्यानं मागं कधीतरी सांगितलतं, तार जेवढी लांब तेवढं लांबचं लागतंय. आणि लागलं. स्वच्छ भजन. दोन ओळी. मग लिफ्ट वर गेली आणि भजन गेलं. लिफ्ट थांबली, भजन आलं. तिसऱ्या मजल्याच्या लोकांस्नी खाली-वर करण्याशिवाय उद्योग न्हाई.

दोरीवर रुचिताचा ड्रेस हुता. तारेचा हिरवा डाग पडला. म्हणाली, असू दे आत्ती. अशी गोड बोलली की मला शंका आली.

३ ऑगस्ट

सोसायटीचे सेक्रेटरी अमरसिंह यांस्नी जिन्यात गाठलं. म्हटलं, साडेसात ते आठ लिफ्ट बंद ठेवा. त्यांनी विचारलं, का वो आजी? मी म्हणालो, धार्मिक कारण हाय. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. पाठपोट एक पान.

५ ऑगस्ट

उत्तर न्हाई. अक्षर लागलं नसंल, शिकलेली माणसं.

८ ऑगस्ट

रेडिओ पदराखाली घेऊन पिराजीकडं गेलतो. आता तो मोबाईलचे चार्जर विकतो, टीव्ही कोण आणत न्हाई म्हणाला. त्यानं पाठ उघडली, बघितलं, लावली. मशीन ठणठणीत हाय म्हणाला. मग टीव्ही का लागत न्हाई म्हटल्यावर त्यानं काट्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. म्हणाला, आजी, गच्चीवर काड्यांचा अँटेना असायचा तवाचा हा बँड हाय. तवा टीव्हीचा आवाज ह्यात पकडायचा. आता टीव्ही वायरनं येतोय, छत्रीनं येतोय. ह्या बँडवर कोण न्हाई. दुकान कवाच उठलंय, पाटी तेवढी राहिलीया.

मी विचारलं, मग नव्या रेडिओवर छापत्यात कशाला? तो म्हणाला, साचा जुनाच असंल. परत म्हणाला, घरात एलईडीची ट्यूब, इन्व्हर्टर, वायफायचा डबा असंल तर तुम्हाला परदेश बी धड लागायचा न्हाई, ह्या सगळ्यांचं भांडण त्यात ऐकू येतंय.

पिराजीला काय कळतंय. कळत असतं तर चार्जर विकत बसला असता का.

८ ऑगस्ट. संध्याकाळी

दिवाळीला अजून अडीच महिने.

१० ऑगस्ट

बस्तीतल्या पंडितांस्नी विचारलं. माझं म्हणून न्हाई. म्हटलं, एका पावण्या बाईनं टीव्ही सोडलाय, तिच्या मनात आता बदलून गूळ सोडावा असं हाय, चालंल का? पंडित म्हणाले, बाईनं सोडलं ते स्वतःच्या मनानं, तिच्या मनाला चालत असंल तर विचारायला का आली. मी म्हणालो, ती आली न्हाई, मी आलोय. बरं, नुसतं ऐकलं तर? ते हसले. म्हणाले, त्या पावण्या बाईला म्हणावं, पाठ फिरवून बसलं तरी मन टीव्हीकडंच तोंड करून बसतंय.

पंडित नवीन हायत. पोरवयाचे. जुने असते तर गूळ चालला असता.

११ ऑगस्ट

नियम मोडणार न्हाई. प्रभावतीच्या देखत तर न्हाईच.

दुसरा उपाय. साडेसातला हॉलमध्ये जाऊन नुसतं बसायचं. टीव्ही बंदच असतोय तर बसायला काय बंदी हाय. वाती वळायला घेऊन बसतो.

११ ऑगस्ट. रात्री ८.३०

बसलो. हॉलमध्ये मी आणि वाती. रुचिता आतल्या खोलीत फोनवर कायतरी बघत हुती, कानात बोंडं घालून. बापूसो दुकानात. पूर्वी साडेसातला न चुकता यायचा. फोन केला तर म्हणाला, आई, आता लवकर येऊन काय करू, हिशोब इथंच उरकतो. म्हटलं, बरं.

दीडशे वाती झाल्या.

२४ ऑगस्ट

प्रभावती संध्याकाळी वर आली. परदेशच्या बातम्या ऐकायच्या म्हणाली. रेडिओ पुढ्यात घेतला. चीनचा बाप्या नेमका गायब. एक बाई गात हुती, मागं पिपाणी. प्रभावती म्हणाली, ह्या बातम्या? मी म्हणालो, तिकडं गाण्यात सांगत्यात, पद्धत असती एकेका देशाची. काय म्हणती ती? म्हटलं, पाऊस कमी हाय, पेरण्या रखडल्यात. पिपाणी कशाला? म्हटलं, पिपाणी वाजली की राज्य बदललं.

तिनं बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, तुम्हाला सगळं कळतंय तर. आणि जाता जाता म्हणाली, बरं, मालिकेतली ती मोठी जाऊ घर सोडून गेली, कळलं का? मी म्हणालो, मला नियम हाय, मला सांगू नका. ती जिन्याकडं वळली. मी म्हणालो, कुठं गेली? ती म्हणाली, तुम्हाला नियम हाय, आणि जिना उतरली.

हिनं चहा सोडायच्या ऐवजी वाकडेपणा सोडला असता तर बस्तीला कळस चढला असता.

६ सप्टेंबर

पर्युषण झालं. एकासन केलं, दिवसातनं एकदाच जेवलो, खरं एवढा थकवा कधी आला न्हाई. दिवस कसाबसा जातोय, साडेसात ते नऊ जात न्हाई. म्हातारपण असंल.

१५ सप्टेंबर

रुचितानं विचारलं, आत्ती, हॉल संध्याकाळी मोकळाच असतोय, साडेसहा ते साडेआठ बिल्डिंगीतल्या चार पोरांची गणिताची शिकवणी घेऊ का? तुमची परवानगी असंल तरच. बीएस्सी झालीया, लग्नानंतर सगळं तसंच राहिलं, म्हणाली.

परवानगी मागितली हे बरं केलं. मी म्हणालो, घे की. टीव्हीच्या जागी विद्या आली, ह्याच्यापेक्षा काय पायजे. तिनं पाया पडून नमस्कार केला. संध्याकाळी प्रभावतीला ऐकू जाईल असं जिन्यात चार जणींस्नी सांगितलं, माझ्या नियमामुळं घरात शाळा निघाली.

चार पोरांचं काय, आठवड्यात कंटाळतील.

२३ सप्टेंबर

सात पोरं. माझी खुर्ची फळ्यापुढं येत हुती म्हणून भिंतीकडं सरकवली.

२ ऑक्टोबर

अकरा. आता दुसऱ्या गल्लीतली बी येत्यात, रिक्षातनं. चपलांचा ढीग माझ्या दारापतोर. खुर्ची गॅलरीत. वाती घेऊन तिथं बसलो तर एक पोरगी म्हणाली, आजी, तुम्ही मनात पाढे म्हणताय ते मोठ्यानं ऐकू येतंय. मी पाढे म्हणत नव्हतो, रुचिता दोन उदाहरणं चुकली ते म्हणत हुतो. आत आलो.

रुचिता आठ दिवसांत दहा वर्षांनी तरणी झालीया. मोठ्यानं हसती. हे मी तिला सांगितलं न्हाई, डोक्यावर बसंल.

९ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.५०

लागलं. एमडब्ल्यूवर. मराठी. शेतीचा कार्यक्रम, एक खरखर न्हाई. म्हशीच्या सडाला सूज आली तर काय करायचं, ते एक डॉक्टर सांगत हुता. जुन्या पद्धतीनं, हळूहळू, जसं अंगणात बसून बोलतंय. त्यातलं निम्मं मला आधीच ठावं हुतं आणि एक गोष्ट त्याची चुकली सुद्धा.

रेडिओ घेऊन हॉलच्या दारात गेलो. रुचिता फळ्यावर लिहीत हुती. बोटानंच खूण केली, एक मिनिट आत्ती. बापूसोला फोन केला. म्हटलं, हे ऐक, रेडिओ लागलाय. फोन रेडिओला धरला. तो म्हणाला, आई, गिऱ्हाईक हाय, तू ऐक निवांत.

ऐकलं. कार्यक्रम संपला. कुणाला सांगायचं तर म्हैस बी न्हाई दारात.

१२ ऑक्टोबर

नऊ दिवस राहिले. ठरवलं ते लिहून ठेवतो म्हणजे गडबड हुणार न्हाई. निर्वाण लाडू झाला की नियम सुटला. त्या दिवशी बरोबर साडेसातला हॉलमध्ये माझी खुर्ची जागेवर, टीव्ही चालू, सगळ्यांनी हजर राहायचं. बापूसोला आत्ताच सांगितलं. म्हणाला, व्हय आई, नक्की. रुचिता म्हणाली, दिवाळीत शिकवणीला सुट्टीच हाय. दोघं एकमेकांकडं बघून हसली. त्यांनी बी वाट बघितली असणार. सांगत न्हाईत एवढंच.

मालिकेचं मला काय न्हाई. खरं ती मोठी जाऊ कुठं गेली तेवढं बघायचं हाय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. रात्री ९

पहाटे लाडू चढवला. नियम सुटला. प्रभावतीनं बस्तीच्या दारातच चहा मागितला.

संध्याकाळी ठेवणीतलं पातळ नेसून खाली फराळ देऊन सव्वासातला वर आलो, तर दारातच आदितीनं माझं डोळं झाकलं. पुण्याहून आलीया दिवाळीला. तसंच माझ्या खोलीत नेलं. डोळं उघडलं तर माझ्या पलंगासमोर भिंतीवर टीव्ही. हॉलमधला. मी खाली गेलतो तेवढ्यात माणूस बोलवून बसवून घेतला. बापूसो म्हणाला, आई, साडेतीन महिने टीव्ही न्हाई म्हणजे चेष्टा न्हाई. आता हा तुझा. रिमोट बी तुझ्याकडं, मधी कोण येणार न्हाई. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी मोठा पांढरा फळा बसवलाय, रुचिताच्या शिकवणीला.

मी म्हणालो, बरं केलं.

साडेसातला चौघं माझ्या खोलीत. खोली नऊ बाय दहा, त्यात पलंग आणि कपाट. बापूसो दाराला टेकला, रुचिता पलंगाच्या कोपऱ्यावर, आदिती खाली. आदितीनं सगळ्यांचा फोटो काढला. जाहिराती लागल्या तवा बापूसो पाणी प्यायला गेला. मग आदितीला फोन आला. रुचितानं विचारलं, आत्ती, चकली तळायची राहिलीया, जाऊ का? मी म्हणालो, जा की, मी काय बांधून घातलंय.

मोठी जाऊ परत आली हुती. कुठनं आली ते कळलं न्हाई.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. आदिती परत पुण्याला. रुचिताला सहज म्हणालो, हॉल मोठा हाय, टीव्ही पलीकडच्या भिंतीला बी बसला असता. ती म्हणाली, बसला असता की आत्ती, खरं तुम्हाला खोलीत निवांत बरं पडतंय, असं मला वाटलं. महिनाभर तुम्ही संध्याकाळी खोलीतनं बाहेरच येत नव्हतासा. रेडिओ ऐकत असायचा दार लावून.

बरोबर बोलली.

२७ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ७.४०

शिकवणी परत सुरू. पंधरा पोरं झाली म्हणत्यात.

साडेसातला टीव्ही लावला. दोन मिनिटांत रुचिता आली, खडूनं न्हाई, आता पेननं लिहिती ती, हाताला निळी शाई. म्हणाली, आत्ती, पोरांची चाचणी हाय, आवाज जरा लागतोय, आणि दार लोटून घेतलं. मी आवाज कमी केला. तरी दाराच्या फटीतनं जात असंल म्हणून पुरताच बंद केला. चित्र बघतोय. दोघी जावा समोरासमोर उभ्या हायत, बराच वेळ बोलत्यात. काय बोलत्यात कुणाला ठावं.

२७ ऑक्टोबर. रात्री ८.३५

पोरं गेली. रुचितानं दार उघडून बघितलं. म्हणाली, अगं बाई, आत्ती, आवाज पुरता बंद केलासा? सांगायचं तरी.

मी म्हणालो, मला असंच बरं वाटतंय बघायला.